व्हायोलावाल्यांचं झालं, की पुढे जाऊ

४ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून तू माझ्या नावाने बोटं मोडत असशील. आधी हातातला रंधा खाली ठेव आणि बसून वाच. उभ्याने वाचशील तर तो पायावर पडेल आणि वहिनी मला बोल लावेल.

आमच्या चौकडीला एका लग्नाचं काम आलंय. तशी लग्नं आम्ही नेहमीच वाजवतो. बाग, खुर्च्या, फुलांची कमान आणि एका कडेला आम्ही चौघं: पहिल्या व्हायोलिनवर लंबू, दुसऱ्यावर शाळेतल्या बाई, चेलोवर मामा आणि मधोमध व्हायोला घेऊन तुझी बहीण. लोक खातात, गप्पा मारतात, आमच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्याचं मला काही वाटत नाही. पण या लग्नात मुलीचा बाप कोण आहे, माहीत आहे? मानकरी.

हो, तोच. आपल्या नानांच्या चौकडीत पहिलं व्हायोलिन वाजवायचा तो. टाळ्या पडल्या की एकटाच उठून वाकायचा, म्हणून नानांनीच त्याचं हे नाव ठेवलं होतं.

नानांच्या त्या शेवटच्या मैफलीच्या दिवशी तू कांजिण्यांनी अंथरुणात होतास, मी मात्र तिसऱ्या रांगेत बसले होते. बारा वर्षांची होते, पण एकूण एक आठवतंय. नानांचा कान तेव्हा नुकताच दगा द्यायला लागला होता. एका जागी ते ओळ चुकले. चौघांत एक चुकला तर बाकीचे त्याला सांभाळून घेतात, त्याची ओळ हळूच वाजवून त्याला वाटेवर आणतात. हे आम्ही शिकाऊ मुलांनाही पहिल्या वर्षी शिकवतो. मानकऱ्याने काय केलं? गज खाली घेतला. तो थांबला म्हणून बाकीचे दोघे थांबले. मग भरल्या सभागृहाकडे वळून त्याने हसत हसत सांगितलं, की आपल्या व्हायोलावाल्यांचं झालं, की पुढे जाऊ. सगळं सभागृह हसलं. नाना एकटेच खाली मान घालून पानं उलटत होते. त्या दिवशी त्यांनी व्हायोला पेटीत ठेवला तो मला देईपर्यंत बाहेर काढला नाही.

आता तो संगीतशाळेचा प्रमुख झालाय, केस पांढरे झालेत, पण तोरा तोच. मुलगी बागेतल्या वाटेवरून चालत येईल तेव्हा लंबूला उठवून तो स्वतः पहिलं व्हायोलिन वाजवणार आहे. लेकीसाठी म्हणे. काल आम्हाला बघायला आला. लंबूशी हात मिळवला, बाईंना नमस्कार केला, मामांची पाठ थोपटली, आणि रिकाम्या खुर्चीवरून जावी तशी त्याची नजर माझ्यावरून पुढे गेली. व्हायोलावाल्यांची नावं विचारायची त्याला सवयच नाही. ते माझ्या पथ्यावरच पडलं.

मी हे काम घेतलंय. काय करीन ते अजून ठरलं नाही, पण हात हलवत परत येणार नाही एवढं नक्की.

नानांना यातलं काही सांगू नकोस. माझ्यावरचा लोभ तिखटासकट सांभाळ.

तुझी,
मिरची


९ मार्च

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

नानांना सांगू नकोस हे वाक्य तू पत्राच्या शेवटी लिहितेस, यावरून तुला अक्कल किती ते दिसतं. तोवर मी सगळं पत्र त्यांना वाचून दाखवलं होतं. म्हणजे वाचून कसलं, ओरडून. पेपर ते स्वतः चष्मा लावून शेवटच्या पानापर्यंत वाचतात, पण तुझं पत्र आलं की मीच वाचायचं असा हट्ट. एक वाक्य वाचलं की कानामागे हात धरून काय म्हणून विचारतात. मी पुन्हा ओरडतो. तिसऱ्यांदा ओरडतो तेव्हा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ खिडकीतून सांगतात, की आम्हाला कळलं, आता पुढचं वाचा. तेव्हा मानकऱ्याच्या मुलीचं लग्न आहे हे आता अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. जेवले, हात धुतले, आणि कपाटातून आपला मैफलीचा काळा कोट काढून उन्हात टाकला. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाले कसर लागेल.

मला राग येत नाही असं समजू नकोस. त्या दिवसानंतर या घरात कुणी शीळसुद्धा घालत नव्हतं, ते मीही सोसलंय. पण तुझा स्वभाव मला माहीत आहे. लहानपणी शेजारच्या मुलाने तुझी पाटी फोडली, तर तू वर्षभर थांबून त्याच्या वाढदिवसालाच त्याची सायकल पंक्चर केलीस. तेव्हा जे करशील ते जरा माणसात राहून कर.

आणि एक कामाची गोष्ट. लग्न उघड्यावर आहे, तर नेहमीसारखा तो स्वस्तातला व्हायोला ने. नानांचा नेऊ नकोस. उन्हात सरस सुटतो आणि शिवण उकलते. लाकडाची दुरुस्ती करणारा सख्खा भाऊ आहे म्हणून लाकडावर जुलूम करायचा नसतो.

वहिनीचा आशीर्वाद. आमची आठवण आणि अक्कल दोन्ही जवळ ठेव.

तुझा,
दादा


१७ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

सापडलं! परमेश्वराने आणून हातात ठेवलं म्हण.

मानकऱ्याने निवडलेला तुकडा नानांच्या चौकडीतलाच आहे, संथ आणि सोपा. त्यात एकच वळण आहे. पहिल्यांदा तिथे पोचलं की मागे फिरून तोच भाग परत वाजवायचा, दुसऱ्यांदा पोचलं की मागे न फिरता सरळ पुढे जायचं. वारा आला तर कागद उडतात म्हणून आम्ही बागेत कपडे वाळत घालायचे चिमटे लावतो. तर लेकीच्या लग्नात चिमटे दिसले तर शोभा जाईल म्हणून मानकऱ्याने नाक मुरडलं. त्याला कागदच नको, त्याला सगळं तोंडपाठ आहे म्हणे.

तोंडपाठ! काल पहिली तालीम झाली. दुसऱ्यांदा वळणावर आलो आणि गडी पुन्हा मागे वळला. अशा वेळी आमच्याकडे एका श्वासाइतकाही वेळ नसतो. बाई आणि मामा माझ्याकडे बघतात, कारण मी मधे बसते. जिकडे व्हायोला, तिकडे ते. मी सवयीने त्याच्यामागे गेले, तेही आले, आणि तुकडा बिनबोभाट संपला. त्याला कळलंसुद्धा नाही. आज पुन्हा तेच झालं. म्हातारा विसरायला लागलाय आणि त्याला सांगणारं कुणी नाही. शिवाय जाताना मलाच शिकवून गेला, की व्हायोला जरा जड वाजतोय.

आता तूच सांग, हे मी सोडू? लग्नाच्या दिवशी मी त्याच्यामागे जाणार नाही. कागदावर लिहिलंय तशी सरळ पुढे जाईन. एक सूर चुकवणार नाही की एक शब्द खोटा बोलणार नाही. बाई आणि मामा माझ्याबरोबर येतील आणि मानकरी अधांतरी लटकेल, सगळ्या पाहुण्यांसमोर. मग मी गज खाली घेणार, पाहुण्यांकडे वळणार आणि त्याचंच वाक्य त्याला परत देणार. फक्त व्हायोलाच्या जागी व्हायोलिन. ते वाक्य मी कालपासून भांडी घासताना म्हणून बघते. आवाज कुठे चढवायचा, कुठे हसायचं, सगळं पाठ आहे. माझं पाठांतर त्याच्यासारखं कच्चं नाही.

आणि व्हायोला नानांचाच नेणार. शिवण उकलली तर तू आहेस.

लग्न अठ्ठावीस तारखेला आहे. माझ्यासाठी देवाजवळ काही मागू नकोस, फक्त वारा माग, म्हणजे ऐनवेळी त्याला कागद लावावासा वाटणार नाही.

तुझी,
मिरची


२२ मार्च

चि. मिरचीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी या खेपेला मनातल्या मनात वाचायचं ठरवलं होतं. नानांनी पाकीट माझ्या हातातून ओढलं, स्वतः वाचलं, आणि वाचून झाल्यावर मला पुन्हा मोठ्याने वाचायला लावलं. वळणाचा भाग दोनदा.

मिरचे, मला एकच विचारायचंय. त्या वाटेवरून चालत येणारी मुलगी कोण? तिने तुझं काय घोडं मारलंय? ज्या दिवशी नानांचा अपमान झाला त्या दिवशी ती पाळण्यात असेल. सुक्याबरोबर ओलंही जळतं असं लोक म्हणतात, ते खरं आहे, पण काडी आपण लावायची की नाही हे तर आपल्या हातात आहे ना. ज्याचा अपमान झाला तो आपला बाप नसता तर मी म्हटलं असतं, की जाऊ दे. तो आपला बाप आहे, म्हणून मी फक्त विचारतोय.

नानांनी येण्याचा हट्ट धरलाय. मी म्हटलं, आमंत्रण नाही. ते म्हणाले, काय? मी म्हटलं, ऐकायला येत नाही तर जाऊन करणार काय? हे मात्र त्यांना पहिल्या फटक्यात ऐकू आलं. म्हणाले, की ऐकायला नाही, बघायला जायचंय. माझ्याकडे त्या आठवड्यात शाळेची बाकं पुरी करायची आहेत, मला हलता येत नाही. सत्तावीसला त्यांना बसमध्ये बसवून देतो. तू उतरवून घे. कोट त्यांनी स्वतः इस्त्री केलाय.

खाली त्यांनी आपल्या हाताने चार ओळी लिहिल्या आहेत. मला वाचू दिल्या नाहीत, पण मी वाचल्या.

लोभ कमी करू नकोस, ताप कमी कर.

तुझा,
दादा

(नानांच्या अक्षरात) चि. मिरचीस आशीर्वाद. वळणावर त्याच्या तोंडाकडे बघू नकोस. बघशील तर दया येईल आणि हात आपोआप त्याच्यामागे जाईल. त्याच्या गजाकडे बघ. मी शेवटच्या रांगेत बसेन.


२९ मार्च

ति. दादास,
सा. न. वि. वि.

नाना आज सकाळच्या बसने निघाले. हे पत्र पोचेपर्यंत ते तुझ्याकडे असतील आणि त्यांनी तुला काही सांगितलं नसेल. मलाही त्यांनी काही सांगितलेलं नाही.  काल संध्याकाळी मी पुष्कळ ओरडले, पण त्यांना ऐकू येत नाही, आणि न ऐकणाऱ्या माणसाशी भांडण्यात कसली आलीय मजा.

सगळं क्रमाने लिहिते. ऊन कडक होतं. बागेत तळ्याच्या काठाला आमच्या खुर्च्या होत्या. पाहुणे बसले. नाना शेवटच्या रांगेत, काळ्या कोटात, त्या हलक्याफुलक्या कपड्यांच्या गर्दीत अगदी उठून दिसत होते. मानकऱ्याने लंबूला उठवलं, जागेवर बसला, लेकीकडे बघून मान हलवली आणि आम्ही सुरुवात केली. मुलगी वाटेच्या टोकाकडून चालायला लागली. दादा, खरं सांगते, म्हातारा सुंदर वाजवतो. मला ते आवडलं म्हणून मी जास्तच चिडले.

पहिलं वळण झालं, मागे फिरलो, परत आलो. दुसरं वळण. मी त्याच्या गजाकडे बघितलं. गज मागे गेला आणि मी पुढे गेले. बाई आणि मामा माझ्याबरोबर. दोन पावलांत सगळं असं कर्कश वाजलं, की पहिल्या रांगेतल्या एका पाहुणीने खांदे आखडले. मानकरी थांबला. पुन्हा लावून बघितलं, पुन्हा चुकलं. मग त्याने माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा बघितलं. मी गज खाली घेतला, बाकीचे थांबले, आणि मी पाहुण्यांकडे वळून म्हटलं, की आपल्या व्हायोलिनवाल्यांचं झालं, की पुढे जाऊ.

कुणीही हसलं नाही.

हे मी धरलंच नव्हतं. त्या सभागृहातलं हसू माझ्या कानात इतकं पक्कं बसलंय, की हे वाक्य बोललं की लोक हसतातच असं मी समजून होते. लोक नुसते बघत राहिले. मुलगी वाटेच्या मध्यावर एक पाय पुढे टाकून थांबली होती.  मानकऱ्याला ओळख पटल्याचं मी त्याच्या तोंडावर बघितलं. माझ्याकडे नाही, त्याने नानांच्या व्हायोलाकडे बघून ओळखलं. मला वाटलं होतं की या क्षणी माझ्या पोटात थंडावा येईल. आला, खोटं कशाला बोलू. पण जेमतेम एक घोटभर.

आणि तेवढ्यात मागून आवाज आला. नाना उभे राहिले होते आणि गात होते. मानकऱ्याची ओळ, बरोबर वळणाच्या पुढून. ज्या माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तो किती मोठ्याने गातो याची तुला कल्पना असेल. फाटका, बेसूर, पण मात्रेला पक्का, हाताने ताल देत. आमचे गज बघून त्यांनी ओळखलं होतं, की कोण कुठे थांबलंय. मामांनी आधी गज उचलला. मग बाईंनी. मग मानकऱ्याने नानांच्या आवाजाचं बोट धरलं आणि तो वाटेवर आला. शेवटी मीही वाजवलं. न वाजवून करते काय? मुलगी चालत आली. नाना खाली बसले.

माझा सूड, दादा! इतकी वर्षं जपलेला, आणि तो ज्यांच्यासाठी जपला त्यांनीच माझ्या हातातून काढून घेतला. वैऱ्याला पडताना बघायला म्हणून आले आणि हात देऊन बसले. मग बसने यायचं तरी कशाला? घरी बसून क्षमा करायची होती.

पुढचं ऐक. लग्न लागल्यावर मानकरी सगळ्या खुर्च्यांमधून वाट काढत शेवटच्या रांगेत गेला. व्हायोलिन हातातच होतं. नानांसमोर वाकून काहीतरी पुटपुटला. नानांनी कानामागे हात धरला आणि काय म्हणून विचारलं. तो जरा मोठ्याने बोलला. आजूबाजूचे वळून बघायला लागले. नाना पुन्हा म्हणाले, काय? तेव्हा बिचारा सरळ उभा राहिला आणि तळ्याच्या पलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाला, की त्या दिवशी सभागृहात मी तुमचा अपमान केला, चूक माझी होती, मला माफ करा. सगळ्या पाहुण्यांनी ऐकलं. त्याच्या शाळेतले शिक्षक होते, त्यांनी ऐकलं. व्याह्यांनी ऐकलं. नानांनी मान हलवली आणि पाणी कुठे मिळेल ते विचारलं.

एवढं एक बरं झालं. तेही बहिरेपणाच्या कृपेने, नाहीतर तेही पुटपुटण्यातच संपलं असतं.

व्हायोलाची शिवण खालच्या अंगाला उकलली आहे. नानांबरोबर पाठवलाय. मला आत्ता तो बघवत नाही.

तुझ्यावर राग नाही, म्हणून लोभ तुझ्यापुरताच.

तुझी,
मिरची


५ एप्रिल

चि. मिरचीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दादाने तुझं पत्र वाचून दाखवलं. वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनाही फार आवडलं. व्हायोलाची शिवण दादाने सरस लावून शिकंज्यात धरली आहे, आठवडाभराने पाठवतो. पुन्हा उन्हात नेशील तर माझ्याशी गाठ आहे.

तू मला क्षमाशील म्हटलंस. बाप आहे म्हणून ऐकून घेतलं, दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्याचं तोंड बघितलं नसतं. मी त्याला पडताना बघायला आलो होतो. तो पडला, मी बघितला, आणि मला फार बरं वाटलं. तू वळलीस तशी मीही हातातली काठी घट्ट धरून मनात तुला शाबासकी दिली. तुझं वाक्य मला ऐकू आलं नाही, पण काय बोललीस ते कळलं. ते वाक्य मीही पुष्कळ वर्षं घोकलंय. भांडी घासताना नाही, दाढी करताना.

मग त्या मुलीकडे लक्ष गेलं. ती बापाकडे बघत होती. मिरचे, त्या दिवशी सभागृहात मी पानं उलटत होतो तेव्हा एकदाच मान वर केली होती. तिसऱ्या रांगेत तू होतीस. लोक हसले त्याचं मला एवढं लागलं नव्हतं, लोक हसतातच. पण तू ज्या तोंडाने माझ्याकडे बघत होतीस, ते तोंड बघून मी व्हायोला पेटीत ठेवला. ते मी तुला कधी सांगितलं नाही, कारण मग तू ते स्वतःवर घेतलं असतंस. आता मोठी झालीस, म्हणून सांगतो. तेच तोंड मला त्या वाटेवर पुन्हा दिसलं. ते मला दुसऱ्यांदा बघवेना. मी गायलो ते तिच्यासाठी, त्याच्यासाठी नाही. त्याच्यासाठी मी शिंकलोही नसतो.

आणि तुझा सूड मी काढून घेतला म्हणतेस, तर नीट विचार कर. चुकलेल्याला उचलायचं असतं हे त्या माणसाला चारचौघांत कुणी शिकवलं? ज्याला त्याने उचललं नाही, त्यानेच. आता लेकीच्या लग्नाची आठवण निघाली की आधी माझा फाटका आवाज त्याच्या कानात येणार. जन्मभर येणार. तू त्याला पाडलंस, ते तो विसरेल. विसरायला लागलाच आहे. मी उचललं, ते विसरणं त्याला कठीण जाईल. यापेक्षा मोठा सूड सुचला तर जरूर कळव, पुढच्या बसने येतो.

रागात फार दिवस राहू नकोस. बापावर लोभ ठेवायला कारण लागत नाही, म्हणून ठेव.

तुझा,
नाना

ता. क. मानकऱ्यासमोर बसून मी पंधरा वर्षं वाजवलं. त्याचे ओठ मला पेपरसारखे वाचता येतात. तो पहिल्यांदा पुटपुटला तेव्हाच मला अक्षर न् अक्षर कळलं होतं. दादाला हे सांगू नकोस. त्याने तुझी पत्रं मोठ्याने वाचलेली मला आवडतात.